पुरं नाव घेतलं का?

आमच्या घरात फोन आला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे त्याच फोनवर मी जेवढी चिडले, तेवढी नवऱ्यावरही चिडले नाही, आणि नवऱ्यावर मी काही कमी चिडलेली नाही. नको असलेले फोन म्हणजे किरकोळ त्रास, दुर्लक्ष करावं, ठेवून द्यावा, असं आजही कुणी शहाणपणानं सांगितलं की माझं डोकं तडकतं. किरकोळ कुणाला? ज्याला दिवसातून दहा फोन येतात त्याला एखादा फुकट गेला तर किरकोळ. जिला आठवड्यातून एकच यायचा, तिला विचारा.

भोरमध्ये डेपोच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आम्ही राहायचो. नवरा एसटीत मेकॅनिक, मी घरी ब्लाउज शिवायची. नव्वद साल उलटून बरीच वर्षं गेल्यावर, नंबर लावून विसरून गेल्यावर, एकदाचा आमचा फोन लागला. तो शिलाई मशीनशेजारी खिडकीत ठेवला, कारण दिवसभर तिथे मीच बसलेली असायची. गल्लीत दुसरा फोन नव्हता. त्यामुळे महिन्याभरात आमचा नंबर सगळ्यांचा झाला. लग्नपत्रिकेवर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, पुण्यात कामाला गेलेल्या पोरांच्या खिशातल्या चिठ्ठीवर आमचा नंबर आणि पुढे 'पीपी'. म्हणजे फोन शेजारचा आहे, निरोप दिलात की ते बोलावून देतील.

पीपीचे नियम कुणी लिहिले नव्हते, पण सगळे पाळायचे. फोन आला की मी खिडकीतून हाक मारायची. ज्याचा फोन असेल त्यानं हातातलं टाकून धावत यायचं, कारण पलीकडचा माणूस बूथवर मीटरकडे बघत उभा असतो. मी मशीन थांबवायची, पण कान बंद ठेवायचे. बोलणं झालं की चौकशी करायची नाही. पिठाचे हात घेऊन बाया यायच्या. एक जण अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला घेऊन आला होता, त्याच्या बहिणीला मुलगी झाली होती. रिसीव्हरला कायम काहीतरी लागलेलं असायचं आणि मी ते पुसत बसायची. मला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर मला आवडायचं ते.

समोरच्या घरात चाची राहायच्या. चाचा टेम्पो चालवायचे, ते लवकर गेले. एक लेक शिरवळला दिलेली, आणि एक मुलगा. तो आधी कापूरहोळला हायवेवरच्या गॅरेजात होता, मग सौदीला पाण्याचा टँकर चालवायला गेला. तो शुक्रवारी फोन करायचा. कधी जमायचं नाही, मग पुढच्या शुक्रवारी. चाचींचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता, पण मी "चाची, फोन" म्हटलं की पदर मुठीत धरून, लंगडत, त्या अशा यायच्या की समोरून सायकलवाला थांबायचा. आणि बोलायचं काय? जेवलास का. ऊन लई हाय का तिकडं. सुट्टी कधी देत्यात. मग फोन कट व्हायचा आणि त्या रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवायच्या. त्या आवाजाशिवाय चाचींजवळ त्याचं दुसरं काही नव्हतं. पत्र लिहायचा त्याला कंटाळा, आणि चाचींना वाचता येत नव्हतं.

हे सगळं नीट चाललं होतं, तोवर ते कूपन आलं.

आठवडी बाजारात एक टेम्पो उभा राहिला, वर भोंगा, खाली टेबलावर लाल कापड आणि काचेची पेटी. मोफत कूपन भरा, मोटरसायकल जिंका, टीव्ही जिंका, मिक्सर जिंका. नाव, पत्ता, फोन. टेबलामागचा पोरगा सांगत होता की फोन नंबर नसला तर कूपन बाद. आता मला सांगा, मोटरसायकल अशी बाद होऊ द्यायची का? आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या माणसांनी कूपनं भरली, पुरं नाव लिहिलं, आणि खाली आमचा नंबर टाकला. काहींनी पीपीसुद्धा लिहिलं, प्रामाणिक माणसं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची त्या पोरानं भरून दिली. चाचींचंही. "मिक्सर लागला तर तुला देते," असं त्या मला संध्याकाळी म्हणाल्या. कापूरहोळच्या एका ढाब्यावर जेवणासोबत असंच कूपन मिळायचं, तेही लोकांनी भरलं. मला कळलं तेव्हा मी हसले. एका खिडकीतल्या फोनवर अख्खी गल्ली मोटरसायकल जिंकायला निघाली होती.

दिवाळी झाली आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन आला तो कोपऱ्यावरच्या कुंभारांच्या नावानं. बाईचा आवाज, गुळात घोळलेला. मी धावत जाऊन बोलावलं, ते चाकावरून चिखलाच्या हातानं आले. ती बाई म्हणाली, अभिनंदन, तुमचं नाव सोडतीत निघालंय, हायवेवरच्या अमक्या हॉटेलात पती-पत्नी दोघांनीच या आणि भेटवस्तू घेऊन जा. दोघं गेले. कुंभारीणबाईंनी लग्नातलं लुगडं नेसलं होतं. तिथे त्यांना एका गार खोलीत बसवून गोव्यातल्या कसल्याशा सुट्टीच्या योजनेबद्दल दुपारभर ऐकवलं. गोव्याला जायचं न्हाई म्हटलं तरी सोडेनात. शेवटी प्लॅस्टिकची पाण्याची बाटली देऊन घालवून दिलं. ती बाटली गळत होती.

मग रोज. विमा, कार्ड, कर्ज, प्लॉट. वेल्ह्याकडे डोंगरात प्लॉट, भाटघरच्या पाण्याकाठी प्लॉट. ज्यांचे बापजादे भाटघरचे, त्यांनाच भाटघरला सेकंड होम घ्या म्हणून विचारायचे. पोस्टमनसुद्धा वैतागला, कारण तसलीच गुळगुळीत पाकिटं गल्लीतल्या सगळ्यांच्या नावानं आमच्या पत्त्यावर यायला लागली. मी ती चुलीला लावली असती, पण त्या कागदाला धड जाळही लागत नाही.

पण पाकिटाला धावायला लागत नाही, फोनला लागतं. माझा राग तिथे आहे. त्या लोकांनी हाक मारायला मला लावलं. माझ्या तोंडून त्यांनी त्या बायांना चुलीपुढून उठवलं. रिसीव्हर कानाला लावेपर्यंत प्रत्येकीच्या मनात काय काय येऊन जायचं ते मला चेहऱ्यावर दिसायचं. कोण आजारी पडलं, कोण गेलं, कुणाला पोर झालं. आणि पलीकडून तीच गुळातली बाई. नंतर त्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच चेष्टा केली.

चाचींना आलेला पहिला असला फोन मला पाठ आहे, कारण मी पाठीमागेच उभी होते. शुक्रवार नव्हता, म्हणून त्या जास्तच जोरात आल्या होत्या. बसायलाही तयार नव्हत्या. पलीकडच्या पोरीनं सगळं भेटवस्तूचं सांगितलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"ते न्हाईत आता, बाई."

"मग सॉरी मॅडम, ही योजना जोडप्यांसाठी आहे," म्हणून पोरीनं फोन ठेवून दिला. चाची थोडा वेळ रिसीव्हर कानालाच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या तर काय मागितलंच नव्हतं गं तिच्याकडं."

मी त्या दिवशी टेलिफोनच्या हापिसात गेले. तिथले साहेब म्हणाले, फोन येतात म्हणजे लाइन चालू आहे, लोक लाइन बंद म्हणून तक्रार घेऊन येतात, तुम्ही चालू म्हणून आलात. बाजूचा कारकून हसला. मी म्हटलं, मग हे बंद कसं करायचं? तर म्हणे, नंबर बदलून घ्या, अर्ज करा. अहो, नंबर कसा बदलू? तो सौदीत एका पोराच्या पाकिटात आहे, हडपसरला आहे, मुंबईला आहे, कुणाकुणाच्या कुठल्या भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. सगळ्यांना कळवायचं कसं? फोन करून? त्यांच्याकडे फोन असते तर ते पीपीवर कशाला आले असते? साहेबांना एवढं सांगून मी परत आले आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा गळा खोल कापून ठेवला, म्हणजे ब्लाउजचा. साहेबांचा कापायला मिळाला नाही.

फोन करणाऱ्यांनाच सांगून पाहिलं. आमचा नंबर काढून टाका. एक पोरगा म्हणाला, काढतो, आधी घरात किती माणसं, कोण काय करतं, एवढी माहिती द्या. म्हणजे काढायलाही भरायचं. एकीनं तर काढून टाकते म्हणून आशीर्वाद घेतले आणि दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. मी आवाज ओळखला, तिनं माझा नाही ओळखला.

शेवटी उपाय काढला तो चाचींनीच. मी हाक मारली की त्या दारातूनच विचारायच्या, "पुरं नाव घेतलं का?"

कारण त्यांचं पुरं नाव, म्हणजे नाव, चाचांचं नाव आणि आडनाव, असं आमच्या गल्लीत कुणी कधी घेतलंच नव्हतं. मुलगा अम्मा म्हणायचा. शिरवळची लेक अम्मा म्हणायची. बाकी भोर चाची म्हणायचं. पुरं नाव फक्त कूपनाला माहीत होतं. मी "नाही" म्हटलं की त्या धावायच्या. "घेतलं" म्हटलं की सांग न्हाई घरात म्हणून परत तांदूळ निवडायला बसायच्या. बघता बघता सगळी गल्ली तेच विचारायला लागली. ज्याचं पुरं नाव घेतलं तो घरात नाही, इतका सरळ हिशेब झाला. फुकटचं धावणं निम्म्यावर आलं.

पण फोन यायचे थांबले नाहीत. घरात नाही म्हटलं की विचारायचे, कधी येतील? संध्याकाळी करू का? मग एकदा चाची दळण घेऊन जाता जाता खिडकीशी थांबल्या, मी कुणाशी तरी भांडत होते त्यांच्याच नावावरून. त्यांनी हात आत घालून रिसीव्हर घेतला आणि त्या पोराला हिंदीत सांगितलं, "वो तो मर गई. कल मिट्टी दी."

तो पोरगा सॉरी म्हणाला. आणि त्या कंपनीचा फोन चाचींच्या नावानं परत आला नाही.

आम्ही वाट बघितली. खरंच आला नाही. विनवण्या करून, शिव्या देऊन, हापिसात जाऊन जे झालं नव्हतं ते असं झालं. त्यांच्या यादीतून नाव काढायचा एकच रस्ता होता, मरायचं. मग काय, गल्लीनं तो रस्ता धरला. कुंभार हार्टनं गेले. त्यांची बायको म्हणाली, मला पण मार, मी एकटी मागं राहून काय करू. अर्ध्या दाढीवाले भाऊ एसटीखाली गेले, माझ्या नवऱ्याला ते मुळीच आवडलं नाही. त्या वर्षी आमची निम्मी गल्ली फोनवर मेली आणि आम्ही पोट धरून हसलो. चाचींना तर त्याची गोडीच लागली. पुरं नाव घेतलं म्हटलं की त्या आता यायच्या, पण धावत नाही. सावकाश, चालत, हातातलं सूप घेऊन. यायच्या, मरायच्या आणि जायच्या.

उन्हाळ्यातली दुपार होती. फोन वाजला, हिंदी बोलणारा पुरुष, हापिसातला आवाज. त्यानं चाचींचं पुरं नाव घेतलं, एक अक्षर न चुकता, आणि जरा जल्दी बुलाइए म्हणाला. सगळेच जल्दी म्हणायचे. मी हाक मारली.

"पुरं नाव घेतलं का?"

"घेतलं."

चाची आल्या, सूप कट्ट्यावर ठेवलं, रिसीव्हर घेतला. त्यानं परत पुरं नाव विचारलं असणार. चाची म्हणाल्या, "वो तो गुजर गई, भैया. कल ही मिट्टी दी." आणि फोन ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो लई हळहळला गं. बरा वाटला मानूस." सूप उचलून गेल्या.

तो शुक्रवार मोकळा गेला. पुढचाही. चाची म्हणाल्या, काम असंल.

मग एका सकाळी फोन आला. खरखर, आणि त्यातून कुणीतरी "वहिनी" म्हणालं. चाचींचा मुलगा मला वहिनी म्हणायचा. मी म्हटलं, अरे, कुठे होतास? थांब, बोलावते. तर तो म्हणाला, "कुनाला बोलवता, वहिनी? अम्माला माती कुनी दिली तेवढं सांगा. म्या न्हवतो, मग खांदा कुनी दिला?"

मला काही कळेना. मी हॅलो हॅलो करत राहिले. तो बोलतच होता. टँकर उलटला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, मोठं ऑपरेशन होतं. आत न्यायच्या आधी त्यानं कंपनीच्या माणसाला हात जोडून सांगितलं होतं, माझ्या अम्माला तेवढं कळवा, तिला म्हणावं दुवा कर. कंपनीच्या माणसानं कागदावरचं वारसाचं पुरं नाव बघितलं आणि नंबर फिरवला. आणि ऑपरेशन झाल्यावर, पोरगा शुद्धीवर आल्यावर, त्या बऱ्या माणसानं त्याच्याजवळ बसून त्याला सांगितलं. तो इतके दिवस तिथे पाय टांगून पडून आई गेली म्हणून रडत होता. आज वॉर्डातल्या कुणाचा तरी मोबाईल मागून त्यानं विचारायला फोन केला होता.

मी खिडकीतून ओरडले, "चाची!"

दारातून आवाज आला, "पुरं नाव घेतलं का?"

"अम्मा म्हणाला. अम्मा म्हणाला तो, या लवकर."

त्या आल्या तशा मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गुडघा वगैरे काही नव्हताच त्यांना. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "काय रं?" त्या म्हणाल्या. पलीकडून काहीच नाही. "बोल की रं. काय झालं?" तरी नाही. मी त्यांच्या कानाशी एका दमात सगळं सांगितलं, टँकर, पाय, तो हिंदी माणूस, मिट्टी. चाचींचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठववत नाही. त्या खाली बसल्या, वायर ताणली गेली, फोन खिडकीतून पडायला आला तो मी धरला.

"मी हाये," त्या म्हणाल्या. "जिती हाये मी. बोल, बाळा. जिती हाये."

किती वेळ म्हणत होत्या कुणास ठाऊक. पलीकडून रडणं तेवढं ऐकू येत होतं, लहान मुलासारखं, हुंदके देऊन. मग फोन कट झाला आणि तरी त्या म्हणतच होत्या.

कुणाला धरून बडवायचं? कूपन भरून घेणाऱ्या त्या पोराला? गुळातल्या बाईला? तिलाही महिन्याच्या शेवटी पगार मिळत असेल, असं माझा नवरा मला समजावत होता. मिळू दे. मी समजून घेणार नाही. एका म्हाताऱ्या बाईला रोज खोट्या फोनला बोलावून बोलावून त्यांनी तिची अशी गत केली की खऱ्या फोनवर ती स्वतःच्या पोराला मेली म्हणून सांगून आली. आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. त्यांच्या लेखी एक नाव कमी झालं, एवढंच.

मुलगा काही महिन्यांनी परत आला. पायात रॉड, टँकर सुटला तो सुटलाच. कापूरहोळला त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं आणि रोज रात्री घरी येऊन जेवायला लागला. त्यानं आईला मोबाईल घेऊन दिला, तो चाचींनी कपाटात ठेवला. त्यांचा भरवसा आमच्याच फोनवर.

पुढे सरकारनंच सोय काढली, नंबर नोंदवा, जाहिरातीचे फोन बंद. मी लगेच अर्ज आणला. चाचींनी माझा हात धरला. "बंद करू नगंस गं. त्यात एखादा त्याचा असला तर?"

"चाची, तो घरात आहे. जेवतोय आत."

"व्हय, म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि हात काही सोडेनात. मी अर्ज भरला नाही.

फोन यायचेच. मी हाक मारायची नाही, पण घंटा समोर ऐकू जायची. त्या आता पुरं नाव घेतलं का विचारायच्या नाहीत. पदर मुठीत धरून, लंगडत, धावत यायच्या, प्रत्येक फोनला, मुलगा मागे ओट्यावर बसलेला असला तरी. रिसीव्हर घेऊन धापा टाकत आधी म्हणायच्या, "मी हाये. जिती हाये. बोल." पलीकडची पोरगी वेल्ह्याकडच्या प्लॉटचा दर सांगायला लागायची, आणि चाची उभ्यानं तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या.